हिसक्याचे गणित शिकवायला हवे

ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी बस ब्रेक लावल्यावर ५ सेकंदांत थांबते, तर तिचे त्वरण आणि थांबेपर्यंत कापलेले अंतर काढा. या धाटणीचे उदाहरण शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी सोडवलेले असते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. हा वेग ५ सेकंदांत शून्यावर आला, म्हणून त्वरण उणे २ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि अंतर २५ मीटर. गणित बरोबर आहे. पण त्यात एक गोष्ट न सांगता धरलेली आहे. ब्रेक लागण्याआधी त्वरण शून्य होते, ब्रेक लागताच ते त्याच क्षणी पूर्ण २ झाले, पाच सेकंद तसूभरही बदलले नाही आणि बस थांबली त्या क्षणी पुन्हा शून्य झाले. त्वरणाचा आलेख काढला, तर दोन्ही बाजूंना सरळ उभ्या रेषा असलेला आयत मिळतो. अशी बस कोणत्याही रस्त्यावर धावत नाही. प्रत्यक्षात त्वरण शून्यापासून २ पर्यंत चढते आणि तिथून पुन्हा उतरते. या चढण्या-उतरण्याला किती वेळ लागला, त्यावर दांडीला धरून उभी असलेली म्हातारी बाई तोल सावरते की पडते हे ठरते. आपला अभ्यासक्रम हा वेळ विचारतच नाही. तो विचारला पाहिजे, शाळेत शिकवला पाहिजे आणि सार्वजनिक वाहनांत मोजला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

स्थिर त्वरणाचे गृहीतक पुस्तकात आले त्याला सबळ कारण आहे. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडले, पाण्याच्या धारेने वेळ मोजला आणि एकामागून एक येणाऱ्या समान कालखंडांत गोळ्याने कापलेली अंतरे १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात हे दाखवले. हे काम १६३८ मध्ये लायडन येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि गतीचे शास्त्र त्यावर उभे राहिले. वेग समान वेळात समान वाढतो हा त्यातला गाभा. पृथ्वीजवळ मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूच्या बाबतीत, हवेचा अडथळा नगण्य असेल तर, तो आजही खरा आहे. त्यावर बेतलेली तीन समीकरणे सुटसुटीत आहेत आणि ती आधी शिकवणे रास्तच आहे. अडचण पुढे येते. स्थानाचा बदलण्याचा दर म्हणजे वेग, वेगाचा बदलण्याचा दर म्हणजे त्वरण, इथवर आल्यावर शिडी संपली असे विद्यार्थ्याला वाटते. पुढे वर्तुळाकार गतीत त्वरणाची दिशा सतत बदलते, सरल आवर्त गतीत त्याचे मूल्य क्षणोक्षणी बदलते, तरीही त्या बदलाच्या दराकडे कोणी बोट दाखवत नाही. या दराला इंग्रजीत ‘जर्क’ म्हणतात. इथे त्याला हिसका म्हणू. त्याचे एकक मीटर प्रति सेकंद घन. सेकंदाभरात त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्गाने बदलले, तर हिसका १ झाला. वस्तुमान कायम असेल, तर त्वरण बदलणे म्हणजे बल बदलणे. म्हणजेच वस्तूवर बल किती झपाट्याने चढते किंवा उतरते, याचे माप म्हणजे हिसका.

बल किती आहे एवढे कळल्यावर ते कसे आले याची चौकशी कशाला करायची? याचे उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा देतो. ताणकाट्याच्या आकड्याला ५०० ग्रॅमचे वजन अडकवा, पण ते खालून तळहातावर पेललेले ठेवा, म्हणजे काटा शून्यावर राहील. आता हात अगदी सावकाश खाली घ्या. काटा हळूहळू सरकत ५०० वर येऊन थांबेल. पुन्हा वजन पेलून काटा शून्यावर आणा आणि या वेळी हात एकदम काढून घ्या. काटा ५०० ओलांडून जवळजवळ १००० पर्यंत झेपावेल, परत वर येईल आणि काही वेळ खालीवर होत अखेर ५०० वर स्थिरावेल. वजन तेच, स्प्रिंग तीच, पृथ्वीचे आकर्षण तेवढेच. फरक पडला तो भार किती वेळात आला याने. घर्षण नसेल तर एकदम आलेला भार स्प्रिंगला नेमका दुप्पट ताणतो, हे कागदावर सिद्ध करता येते. स्प्रिंगच्या एका आंदोलनाला जेवढा वेळ लागतो त्याच्या अनेक पट वेळ घेऊन तोच भार चढवला, तर ही उसळी जवळपास नाहीशी होते. पूल, यंत्रांचे दांडे, क्रेनचे दोर, गाडीचे सस्पेन्शन आणि माणसाचा पाठीचा कणा हे सगळे कमीअधिक प्रमाणात स्प्रिंगसारखेच वागतात. पाठ्यपुस्तकातली वस्तू मात्र बिंदूएवढी किंवा पूर्ण दृढ असते. ती ताणली जात नाही, म्हणून बल कसे आले याने तिला फरक पडत नाही. खऱ्या वस्तूंना पडतो.

माणसाच्या शरीराला तर तो विशेष पडतो. अंतर्कर्णात चुन्याच्या क्षाराचे सूक्ष्म खडे एका चिकट थरावर बसलेले असतात. शरीराला त्वरण मिळाले की ते मागे रेंगाळतात, खालच्या संवेदी केसांना वाकवतात आणि मेंदूला खबर जाते. या खबरी नेणाऱ्या चेतातंतूंपैकी काही तंतू स्थिर त्वरणापेक्षा त्याच्या बदलाला जास्त जोमाने प्रतिसाद देतात. खबर पोचून पायांचे आणि पाठीचे स्नायू आवळायला सेकंदाचा साधारण दहावा भाग जातो आणि पुरेसा जोर उभा राहायला आणखी थोडा. त्वरण याहून सावकाश चढले, तर शरीर त्याच्याबरोबर झुकत जाते. ते याआधीच चढून बसले, तर शरीर सावरायच्या आत तोल गेलेला असतो. अमेरिकेतल्या ट्राम कंपन्यांच्या प्रमुखांनी १९२९ मध्ये नवी ट्राम घडवण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिचे संशोधनप्रमुख हर्शफेल्ड यांनी उभ्या माणसांना किती त्वरण सोसते याचे प्रयोग करवून घेतले. त्वरण हळूहळू वाढवत नेले, तर उभा माणूस बऱ्यापैकी मोठे त्वरणही निभावून नेतो, या दिशेने ते काम गेले. १९३६ मध्ये ब्रुकलिनच्या रस्त्यांवर उतरलेल्या नव्या ट्राममध्ये म्हणूनच मोटरची शक्ती अनेक बारीक टप्प्यांनी वाढवण्याची सोय होती. ट्राम चपळ झाली आणि प्रवाशांना होणारा त्रासही कमी झाला. आपला स्वतःचा हातही याच नियमाने चालतो. टेबलावरच्या एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर हात नेताना त्याचा वेग घंटेच्या आकाराने चढतो आणि उतरतो. एकूण हिसका कमीत कमी ठेवणारा मार्ग गणिताने काढला, तर तो या हालचालीशी जवळून जुळतो, हे तामार फ्लॅश आणि नेव्हिल होगन यांनी १९८५ मध्ये दाखवले.

आता सुरुवातीच्या बसकडे पुन्हा पाहू आणि सौम्यपणाची किंमत मोजू. समजा चालकाने ब्रेकचा जोर पहिल्या सेकंदात शून्यापासून पूर्ण चढवला आणि थांबण्याआधीच्या शेवटच्या सेकंदात तसाच उतरवला. कमाल मंदन तेच, २ मीटर प्रति सेकंद वर्ग. अशी बस ५ ऐवजी ६ सेकंदांत आणि २५ ऐवजी ३० मीटरमध्ये थांबते. हिसका २ मीटर प्रति सेकंद घन एवढा मर्यादित राहतो, कागदावरच्या बसमध्ये तो अनंत होता. एका सेकंदाच्या आणि पाच मीटरच्या बदल्यात हे साधते. शेवटचा सेकंद पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच दुर्लक्षिला जातो. ब्रेकचे घर्षण गतीला विरोध करते. गती संपली की विरोधही तत्क्षणी संपतो. मंदन चालू असताना प्रवासी पुढे झुकू नये म्हणून मागे रेललेला असतो, त्याचे स्नायू ताणलेले असतात, आणि तो आधार एकाएकी निघून गेल्याने तो मागे फेकला जातो. बस थांबल्यावर बसणारा तो गचका हाच. मुरलेले चालक गाडी थांबायच्या किंचित आधी ब्रेकवरचा पाय सैल करतात. हे त्यांना अनुभवाने कळलेले असते. ज्याला कळलेले नाही त्याला समजावून सांगायला आपल्या शालेय विज्ञानाकडे शब्दही नाहीत आणि आकडाही नाही.

ज्यांना रूळ आणि रस्ते बांधायचे असतात, त्यांना मात्र ही चैन परवडत नाही. सरळ रस्ता थेट वर्तुळाच्या कमानीला जोडला, तर नकाशावर जोड गुळगुळीत दिसतो. पण त्यावरून जाणाऱ्या गाडीचे आडवे त्वरण त्या जोडावर शून्यावरून एकदम पूर्ण मूल्यावर जाते. म्हणून मध्ये संक्रमण वक्र घालतात, ज्याची वक्रता सावकाश वाढत जाते. तो किती लांब असावा, याचे हिसक्यावर आधारलेले सूत्र विल्यम हॅमिल्टन शॉर्ट या ब्रिटिश रेल्वे अभियंत्याने १९०९ मध्ये मांडले. त्याआधी १९०६ मध्ये सॉल्सबरी स्थानकाजवळच्या वळणावर अतिवेगाने आलेली गाडी उलटून २८ जण मृत्युमुखी पडले होते आणि वळणावर सुरक्षित कसे धावावे हा तिथल्या रेल्वेपुढचा ऐरणीवरचा प्रश्न झाला होता. भारतीय रेल्वे आज संक्रमणासाठी घन परवलय वापरते. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात. ही उंची आणि वेगाच्या मानाने तिच्यात राहणारी तूट, या दोन्ही सर्वसाधारणपणे सेकंदाला ३५ मिलिमीटरपेक्षा जलद बदलू नयेत, असा ब्रॉड गेजसाठी दंडक आहे. दोन रुळांमधले मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर १७५० मिलिमीटर धरले, तर तुटीची ही मर्यादा सुमारे ०.२ मीटर प्रति सेकंद घन इतक्या आडव्या हिसक्याची होते. रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे सूत्र हिसक्याची मर्यादा वेगानुसार ०.५ ते ०.८ च्या दरम्यान ठेवते. ताशी ८० किलोमीटर वेग आणि ३०० मीटर त्रिज्या असेल, तर त्या सूत्राने संक्रमणाची लांबी सुमारे ७१ मीटर येते. म्हणजे १.६५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके अभिकेंद्री त्वरण चढायला गाडीला ३ सेकंदांहून थोडा अधिक वेळ दिलेला असतो. उंच इमारतींतल्या लिफ्टच्या प्रवासाची गुणवत्ता मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातही हिसका मोजला जातो. ही राशी व्यवहारात शंभर वर्षांहून जुनी आहे. नवी आहे ती फक्त वर्गाला.

यावर भौतिकशास्त्राच्या शिक्षकाचा पहिला आक्षेप असा असेल की, न्यूटनच्या नियमात हिसका येतच नाही. बल, वस्तुमान, आरंभीचे स्थान आणि वेग कळले की पुढची सगळी गती ठरते. मग हिसका, म्हणजे स्थानाचे हे तिसरे विकलज (डेरिव्हेटिव्ह), निव्वळ उपपदार्थ ठरते. आक्षेप वजनदार आहे आणि त्यातली वस्तुस्थिती मला मान्य आहे. नियमाला तिसरे विकलज लागत नाही. पण नियमाला काय लागते आणि गतीचे आकलन व्हायला काय लागते, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. ताणकाट्याचा काटा दुप्पट अंतरावर का गेला, हे न्यूटनच्याच नियमाने सुटते. ते सोडवताना बल काळानुसार कसे बदलले हे मात्र आधी विचारावे लागते, आणि स्थिर बलाच्या उदाहरणांवर वाढलेला विद्यार्थी नेमके तेच विचारत नाही. शिवाय मूलभूत भौतिकशास्त्रातही हिसका अगदीच परका नाही. त्वरण मिळालेला विद्युतभार प्रारणे सोडतो आणि त्या प्रारणांची त्याच्यावरच उलटणारी प्रतिक्रिया, आब्राहम आणि लोरेन्ट्स यांच्या सूत्रानुसार, त्वरणाच्या बदलाच्या दराशी समप्रमाणात असते. या सूत्रातून काही विचित्र उत्तरेही निघतात, म्हणून मी माझा युक्तिवाद त्यावर टेकवणार नाही. विश्वाच्या प्रसरणाचे उदाहरण अधिक स्वच्छ आहे. प्रसरणाचा वेग वाढतो आहे, हे १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून कळले आणि त्या शोधाला २०११ चे नोबेल मिळाले. आणखी दूरचे अतिनवतारे पाहून २००४ मध्ये दिसले की प्रसरण पूर्वी मंदावत होते आणि सुमारे ५ अब्ज वर्षांपूर्वी मंदनाचे त्वरण झाले. तो निष्कर्ष त्वरण कसे बदलत गेले याच्या मोजमापावरच उभा आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा आणि शिक्षकांचा असेल. अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात आणखी एक राशी कशाला? ओझे वाढवायची माझीही इच्छा नाही. पण इथे नवे कौशल्य लागतच नाही. स्थान-काळ आलेखाचा चढ म्हणजे वेग आणि वेग-काळ आलेखाचा चढ म्हणजे त्वरण, हे विद्यार्थी शिकतोच. तोच चढ त्वरण-काळ आलेखावर काढायचा आहे. नववीत एक तासिका आणि एक आलेख पुरे. अकरावीत विकलज आले की एक ओळ पुरे. प्रयोगासाठी साधनही हाताशी आहे. साध्या स्मार्टफोनमध्ये त्वरणमापक असतो आणि त्याच्या नोंदी दाखवणारे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्ससारखे मोफत ॲप उपलब्ध आहे. लिफ्टच्या जमिनीवर फोन ठेवून दोन मजले वर गेले, तर सुरुवातीला त्वरण चढताना, स्थिर होताना आणि उतरताना स्पष्ट दिसते, शेवटी तेच उलट्या दिशेने दिसते. इथे एक तांत्रिक शंका रास्त आहे. मोजलेल्या त्वरणात बारीक कंपने मिसळलेली असतात आणि त्यांचा चढ काढला की ती भलतीच फुगतात. त्यामुळे दोन शेजारच्या नोंदींची वजाबाकी करून काढलेला हिसका निरर्थक येतो. काही दशांश सेकंदांची सरासरी घ्यावी किंवा त्वरण चढायला लागलेला वेळ थेट वाचावा, म्हणजे आकडा भरवशाचा मिळतो. मोजमापात गोंगाट किती आणि खरा संदेश किती, हे विद्यार्थ्याला शिकवण्याची ही चांगली संधीही आहे.

तिसरा आक्षेप सामान्य प्रवाशाचा आहे आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. जिथे बस वेळेवर येत नाही, आली तर पाय ठेवायला जागा नसते आणि रस्त्यांना खड्डे आहेत, तिथे हिसक्याचे कौतुक कोणाला? मोठ्या प्रश्नांची जागा हा प्रश्न घेऊ शकत नाही, हे कबूल. पण गर्दी आहे म्हणूनच बहुसंख्य प्रवासी उभे असतात, आणि उभ्या माणसालाच हिसका भोवतो. वृद्ध, गरोदर स्त्रिया, कडेवर मूल घेतलेली आई यांच्या दृष्टीने ही चैनीची बाब नाही. दुसरे असे की, हा प्रश्न आत्ताच विचारण्याची वेळ आहे. मुंबई-पुण्यात विजेवरच्या बस धावू लागल्या आहेत. डिझेलच्या इंजिनाला जोर धरायला थोडा वेळ लागतो. विजेची मोटर काही मिलिसेकंदांत पूर्ण जोर देऊ शकते आणि पेडलवरचा पाय उचलताच ती उलट ब्रेकचे कामही करू लागते. त्यामुळे जोर किती भरभर चढवायचा, हे नियंत्रक प्रणालीत घातलेला एक आकडा ठरवतो. हा आकडा बदलायला नवा पूल लागत नाही की नवा डबा लागत नाही. मेट्रोच्या डब्यांसाठी अशी मर्यादा ठरवण्याची पद्धत आहे आणि ती साधारण १ मीटर प्रति सेकंद घनाच्या आसपास किंवा त्याखाली असते. बसमध्ये उभ्या असलेल्या प्रवाशाचा कानही तोच आणि गुडघेही तेच. आणीबाणीचा ब्रेक अर्थातच यातून वगळला पाहिजे. समोर माणूस आला, तर मंदन शक्य तितक्या लवकर पूर्ण चढलेच पाहिजे, मग हिसका कितीही बसो. मर्यादा रोजच्या निघण्या-थांबण्यासाठी हवी, आणि बसच्या दिवसभराच्या थांब्यांपैकी बहुतेक सगळे तसेच असतात.

या ज्ञानाची गरज वाहनांपुरती नाही. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत सीएनसी यंत्रावर काम करणाऱ्या तंत्रज्ञाला हत्याराची गती एकदम बदलली की कामाच्या पृष्ठभागावर लहरी उमटतात हे ठाऊक असते, म्हणून अशा यंत्रांच्या नियंत्रकात हिसक्याची मर्यादा घालायची सोय असते. कॅमचा आकार ठरवणारा, यंत्रमानवाचा हात चालवणारा, लिफ्टची देखभाल करणारा, हे सगळे याच राशीशी झुंजतात आणि बहुतेकांना ती प्रथम कामावरच भेटते. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत स्थिर त्वरणाच्या समीकरणांनंतर, हे गृहीतक कधी मोडते हे सांगणारा एक परिच्छेद आणि त्वरण-काळ आलेखाचा एक प्रयोग घालावा. शहरांच्या परिवहन संस्थांनी बसखरेदीच्या अटींत रोजच्या चालवण्यासाठी हिसक्याची मर्यादा लिहावी, ती जाहीर करावी आणि चालकांच्या प्रशिक्षणात शेवटच्या सेकंदाचा ब्रेक शिकवावा. पहिल्या मागणीचा खर्च दोन पाने आणि एक तासिका आहे, दुसरीचा प्रत्येक थांब्यामागे सुमारे एक सेकंद. दोन्ही मागण्या एकमेकींना धरून आहेत, कारण ज्या समाजाला हिसका मोजता येतो, तोच त्याची मर्यादा मागू शकतो.